पत्रपेटीवर नाव लावलंत का?

सप्टेंबरच्या शेवटी बर्लिनच्या विमानतळावर उतरणाऱ्या मराठी मुलामुलींकडे तसं पाहिलं तर सगळं असतं. पासपोर्ट असतो, त्यावर व्हिसा असतो, विद्यापीठाचं प्रवेशपत्र असतं. शिवाय ११,९०४ युरो, म्हणजे साधारण बारा लाख रुपये, त्यांच्या नावाने आधीच जमा झालेले असतात. तरीही पहिले दोन-तीन आठवडे त्यातला एक सेंटही बहुतेकांच्या हाती लागत नाही. पैसे स्वतःचे, खातं स्वतःचं, आणि पोरगं मात्र निघताना बाबांनी भरून दिलेल्या फॉरेक्स कार्डावर पाव आणि दही विकत घेत असतं.

जर्मनीतल्या परदेशी विद्यार्थ्यांत भारतीयांनी चिन्यांना मागे टाकलं आहे. २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात त्यांची संख्या ४९ हजारांच्या वर होती. म्हणजे ही फजिती दरवर्षी काही हजार घरांत व्हिडिओ कॉलवरून ऐकली जाते. "अगं, पण पैसे भरलेत ना आपण?" या आईच्या प्रश्नाला मुलीकडे उत्तर नसतं. उत्तर तसं सरळ आहे, पण ते बँकेत सापडत नाही. जर्मन शहर माणसाला कशावरून ओळखतं, हे समजून घेतलं तरच ते सापडतं.

गाठ बसते ती अशी

विद्यार्थी व्हिसा देताना जर्मनी वर्षभराच्या खर्चाची हमी मागतं. ती द्यायचा सर्रास वापरला जाणारा मार्ग म्हणजे 'श्पेअरकोंटो', अर्थात बंद खातं. त्यात पैसे भरता येतात, पण मनाला येईल तेव्हा काढता येत नाहीत. दर महिन्याला ९९२ युरो त्यातून बाहेर पडतात आणि विद्यार्थ्याच्या साध्या चालू खात्यात जाऊन बसतात. मुलाने एका महिन्यात सगळे पैसे उडवून नंतर सरकारच्या दारात उभं राहू नये, एवढाच हेतू.

तर मग चालू खातं हवं. शाखेत गेलं की पासपोर्टाबरोबर पत्त्याच्या नोंदणीचा कागद मागतात. ही नोंदणी व्हायला राहतं घर हवं. घर मिळवायला अनामत हवी. कायद्याने ती मूळ भाड्याच्या तिपटीपर्यंत घेता येते. आणि अनामतीचे पैसे? ते श्पेअरकोंटोत. जिथून निघालो तिथेच परत आलो.

कायद्याच्या पुस्तकात ही गाठ इतकी घट्ट नाही. युरोपीय संघात कायदेशीरपणे राहणाऱ्या कुणालाही, अगदी कायमचा पत्ता नसलेल्यालाही, साधं खातं मिळण्याचा हक्क जर्मनीत २०१६ पासून आहे. काही ऑनलाइन बँका व्हिडिओवर पासपोर्ट पाहून खातं उघडतातही. पण कार्ड पोस्टाने येतं, त्याचा पिन वेगळ्या पाकिटातून येतो, आणि ही दोन्ही पाकिटं कुठे टाकायची हा प्रश्न पोस्टमनपुढे उरतोच. फिरून फिरून पुन्हा पत्ताच.

क्रमांकापेक्षा पत्ता मोठा

आपल्याकडे सिमकार्डापासून बँकेपर्यंत सगळं आधार क्रमांकावर चालतं. माणूस नागपुरातून ठाण्याला गेला तरी त्याचे बारा आकडे तेच राहतात; आधारवरचा पत्ता कित्येकांचा दोन घरांपूर्वीचा असतो आणि त्यावाचून कुणाचं काही अडत नाही. जर्मनीत नेमकं उलट. तिथे सगळा जोर तुम्ही आज रात्री कुठे झोपता यावर.

याचं मूळ जुनं आहे. १८४२ च्या अखेरीस प्रशियाने दोन गोष्टींचे कायदे एकदम केले: बाहेरून येऊन गावात वस्ती करणाऱ्यांविषयीचा एक आणि गरिबांना पोसण्याच्या जबाबदारीविषयीचा दुसरा. लोक कामधंद्यासाठी मोकळेपणी गाव बदलू लागले होते. त्यातला एखादा कंगाल झाला तर त्याला खाऊ कुणी घालायचं, जन्मगावाने की राहत्या गावाने? राहत्या गावाने, असं ठरलं की लगेच पुढची पायरी आली: तो नक्की इथे राहतो का आणि कधीपासून, हे लिहून ठेवायला हवं. जबाबदारी आणि नोंद अशा जोडीने वाढल्या. पुढे कित्येक वर्षं ही नोंदवही पोलिसांकडे असे. इरावती कर्वे १९२८ साली मानववंशशास्त्रात पीएच.डी. करायला बर्लिनला गेल्या, तेव्हा त्यांनाही आपला पत्ता पोलिसांकडेच नोंदवावा लागला असणार.

या वह्यांचा काळा इतिहासही आहे. १९३८ मध्ये नाझी राजवटीने साऱ्या देशाला एकच नोंदणी-नियम लावला आणि ज्यू नागरिक हुडकून काढायला या नोंदी वापरल्या गेल्या. त्यामुळे युद्धानंतर 'प्रत्येक माणसाला एक क्रमांक' या कल्पनेची जर्मनांना धास्ती बसली ती बसलीच. पश्चिम जर्मनीत सत्तरच्या दशकात तसा प्रस्ताव आला आणि संसदेत गुंडाळला गेला. १९८३ मध्ये घटना न्यायालयाने जनगणनेच्या खटल्यात ठरवलं की स्वतःच्या माहितीचं काय व्हावं हे ठरवण्याचा हक्क नागरिकाचा आहे. आजही सर्व रहिवाशांची एक मध्यवर्ती वही जर्मनीत नाही. प्रत्येक गावाची आपापली. परदेशी माणसांची मात्र वेगळी मध्यवर्ती नोंद ठेवली जाते. त्याबद्दल घटना न्यायालय काय म्हणेल, असा प्रश्न पहिल्याच आठवड्यात विचारण्याचं त्राण कुणात नसतं.

ज्या खोलीची नोंदणी होत नाही, ती खोली घेऊ नये

पत्त्याच्या नोंदणीला म्हणतात 'आनमेल्डुंग'. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत ती करायची, असं १ नोव्हेंबर २०१५ पासून लागू असलेला संघीय कायदा सांगतो. जागा म्हणजे 'ब्युर्गरआम्ट', नागरिकांचं कार्यालय. बर्लिनमध्ये अशी बरीच आहेत आणि तुमच्या विभागातलंच गाठलं पाहिजे असं बंधन नाही. स्पांडाऊमध्ये वेळ मिळाली तर नॉयक्योल्नमध्ये राहणाऱ्यानेही तिथे जावं. वेळ ऑनलाइन घ्यायची, आणि ती चौदा दिवसांच्या आत मिळेलच असं नाही. म्हणून वेळ घेतल्याची पावती जपून ठेवायची. आपण मुदतीत हालचाल केली याचा तो पुरावा.

लागणारे कागद थोडे: पासपोर्ट, भरलेला अर्ज, आणि 'व्होनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग'. एका दमात म्हणता आला नाही तरी हा शब्द पाठ करावा, कारण सारं घोडं इथेच अडतं. 'अमुक माणूस अमुक तारखेपासून माझ्या जागेत राहतो' असं जागा देणाऱ्याने सही करून दिलेलं ते एक पान. हा कागद २००२ मध्ये रद्द झाला होता. मग लोक खोट्या पत्त्यांवर नोंदणी करू लागले, म्हणून २०१५ मध्ये तो परत आणला. खोटी सही देणाऱ्याला ५० हजार युरोंपर्यंत दंड होऊ शकतो, त्यामुळे "ओळखीतल्या काकांच्या घरचा पत्ता लावून टाकू" हा आपला लाडका उपाय तिथे काकांना महागात पडू शकतो.

बर्लिनमध्ये खोल्यांची टंचाई आहे. विद्यार्थी वसतिगृहांना प्रतीक्षायादी असते. म्हणून बहुतेक जण 'वेगे'त, म्हणजे तिघाचौघांनी मिळून घेतलेल्या घरातल्या एका खोलीत, पोटभाडेकरू म्हणून शिरतात. जाहिरातींत मधूनच एक स्वस्त खोली दिसते आणि खाली बारीक अक्षरात असतं: नोंदणी होणार नाही. मूळ भाडेकरूने घरमालकाला न सांगताच खोली दिलेली असते, हे त्यामागचं नेहमीचं कारण. माझं स्पष्ट मत आहे की महिन्याला शंभर युरो वाचत असले तरी पहिलं घर असं घेऊ नये. नोंदणी नाही तर कागद नाही, आणि कागद नाही तर वर सांगितलेली गाठ सुटत नाही. एक गोष्ट मात्र पुष्कळांना ठाऊक नसते: सहीसाठी इमारतीचा मालकच हवा असं नाही. तुम्हाला प्रत्यक्ष जागा देणारा मूळ भाडेकरूही तो कागद देऊ शकतो.

आणि खोली न दाखवता "मी सध्या परगावी आहे, अनामत पाठवा, किल्ली पोस्टाने येईल" म्हणणारा भेटला, तर उत्तरही देऊ नये.

> चौकट : काय आधी, काय मागाहून
>
> निघण्यापूर्वी फॉरेक्स कार्डावर निदान दीड महिन्याचा खर्च आणि अनामतीची रक्कम हाताशी ठेवा. श्पेअरकोंटोवर विसंबू नका. आरोग्यविम्याची कागदपत्रं भारतातूनच सुरू करा, कारण विद्यापीठात नाव पक्कं व्हायला विमा लागतो. खोली ठरताना पहिला प्रश्न नोंदणीचा, दुसरा भाड्याचा. भाडं विचारताना 'काल्टमीटे' की 'वार्ममीटे' तेही विचारा. पहिल्यात खोलीचं नुसतं भाडं, दुसऱ्यात हीटिंग आणि इमारतीचा खर्च धरलेला. ब्युर्गरआम्टची वेळ खोली पक्की होताच घ्या. राहायला गेल्याच्या दिवशी पत्रपेटीवर नाव चिकटवा. बँक, कर-क्रमांक आणि निवास परवाना हे त्यानंतर, बहुधा याच क्रमाने.

दारावर नंबर नाही, नाव आहे

चौकटीत पत्रपेटी कशासाठी, असं वाटलं असेल. बर्लिनच्या जुन्या वस्तीत एकदा घर शोधून पाहिलं की ते कळतं. पहिला घोळ रस्त्यावरच होतो. अनेक जुन्या रस्त्यांवर आकडे एका बाजूने १, २, ३ असे शेवटपर्यंत जातात आणि समोरच्या बाजूने उलटे परत येतात. म्हणून ४ नंबरच्या समोर १२० सापडू शकतो. नव्या रस्त्यांवर सम-विषम पद्धत आहे. कोपऱ्यावरच्या रस्त्याच्या पाटीखाली त्या टप्प्यातले आकडे लिहिलेले असतात. बॅग ओढत चालायला लागण्यापूर्वी ते वाचावेत.

घर सापडलं तरी आत शिरल्यावर एक चौक, त्याच्यामागे दुसरा, कधी तिसरा. एकोणिसाव्या शतकात कामगारांचे लोंढे आले तेव्हा बिल्डरांनी एका फाटकामागे शक्य तितकी माणसं बसवली. १८५३ च्या नियमाने चौक निदान ५.३४ मीटर लांब-रुंद हवा होता, आगीचा बंब आत वळावा एवढाच. या सगळ्या पसाऱ्याला घर क्रमांक एकच. 'फ्लॅट नं. १४, दुसरा मजला' असं पत्त्यात बहुधा लिहीतच नाहीत. पोस्टमन फाटकाशी येतो, बेलच्या बटणांशेजारची आणि पेट्यांवरची आडनावं वाचतो, जुळलं तर पत्र टाकतो. नाही जुळलं तर 'पत्त्यावर सापडत नाही' असा शेरा मारून परत पाठवतो. बँकेचं कार्ड असं परत गेलं की आणखी एक पंधरवडा गेला.

म्हणून पासपोर्टावरचं आडनाव, त्याच स्पेलिंगने, पेटीवर आणि बेलपाशी हवं. आपल्या पासपोर्टांवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मध्ये घुसलेलं असतं, तेव्हा कुठला शब्द आडनाव म्हणून छापला आहे ते आधी नीट पाहून घ्यावं. पाटी छापून यायला घरमालक महिना लावतो. तोवर कागदाची पट्टी आणि पारदर्शक चिकटपट्टी चालते, सगळ्या बर्लिनमध्ये चालते. एकाच पेटीवर पाच आडनावं, त्यातली दोन खोडलेली, एक पेनाने लिहिलेलं, हे तिथल्या वेगेचं ठरलेलं दृश्य. २०१८ मध्ये माहिती-संरक्षणाच्या नव्या नियमांमुळे व्हिएन्नाच्या सरकारी वसाहतींनी बेलवरची नावं काढायचं ठरवलं, तेव्हा जर्मनीतही चलबिचल झाली. पण तिथे पाट्या राहिल्या. पाट्या काढल्या असत्या तर पोस्टमनने करायचं काय?

सरकारी पत्रांपैकी पिवळं पाकीट सर्वांत महत्त्वाचं. ते पेटीत टाकतानाच पोस्टमन पाकिटावर तारीख लिहितो आणि तसा अहवाल पाठवणाऱ्याला देतो. पत्र तुम्हाला मिळालं असं कायदा त्या क्षणी मानतो. तुम्ही ते उघडलं की नाही, त्यातलं जर्मन समजलं की नाही, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. हरकत घेण्याची मुदत तेव्हापासून चालू. साध्या सरकारी टपालालाही, पोस्टात टाकल्यापासून चौथ्या दिवशी पोचलं असं २०२५ पासून धरतात. पेटी रोज उघडायची ती यासाठी.

नोंदणी झाली, आता पत्रं येतील

ब्युर्गरआम्टमधलं काम प्रत्यक्षात दहा-पंधरा मिनिटांचं. खिडकीतल्या बाई दोन-चार प्रश्न विचारतात, त्यात तुमचा धर्मही विचारतात, कारण कॅथलिक आणि प्रोटेस्टंट चर्चचा कर तिथे सरकार गोळा करतं. मग शिक्क्याचा कागद हातात पडतो.

नोंदणी कार्यालय ही माहिती ठरलेल्या काही ठिकाणी आपणहून पाठवतं. दोन-तीन आठवड्यांत बॉनच्या केंद्रीय कर कार्यालयातून अकरा आकडी कर-क्रमांक येतो. तो जन्मभराचा, आणि अर्धवेळ नोकरी धरताना मालक तोच मागतो. (विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं, मार्च २०२४ पर्यंत ही मर्यादा १२० आणि २४० होती.) त्यापाठोपाठ येणारं पत्र सगळ्यांना चक्रावतं: सार्वजनिक रेडिओ-टीव्हीची वर्गणी. घरात टीव्ही नसला तरी ती असतेच. २०२१ पासून महिन्याला १८ युरो ३६ सेंट. पण ती माणशी नसून घरटी आहे. वेगेतला एक जण भरत असेल तर त्याचा वर्गणी क्रमांक कळवायचा आणि आपला वाटा त्याला द्यायचा. पत्र जाहिरात समजून फेकून दिलं की थकबाकी वाढत जाते.

निवास परवान्याचं कार्यालय मात्र आपणहून काही पाठवत नाही, तिथे अर्ज आपणच करायचा. भारतातून आणलेला व्हिसा बहुधा काही महिन्यांचाच असतो. तो संपायच्या आत अर्ज केला तर निर्णय लागेपर्यंत मुक्काम कायदेशीरच राहतो. भेटीची तारीख व्हिसा संपल्यानंतरची मिळाली म्हणून रात्र जागून काढायचं कारण नाही. अर्ज वेळेत केल्याचा पुरावा हवा.

गरम खोलीतलं पाणी आणि फोडणीचा धूर

खोली एवढ्या कष्टाने मिळते, तर तिच्याविषयीही दोन गोष्टी. रेडिएटरच्या गोल चावीवर १ ते ५ आकडे असतात. थंडीने कुडकुडत आलेला माणूस लवकर ऊब यावी म्हणून ती ५ वर नेतो. पण ते आकडे गॅसच्या लहानमोठ्या ज्योतीचे नव्हेत. एसीच्या रिमोटवर आपण २४ लावतो तसे ते हव्या असलेल्या तापमानाचे आहेत. ३ म्हणजे अंदाजे २० अंश, पुढचा प्रत्येक आकडा चारेक अंशांनी जास्त. चावीच्या आत द्रव किंवा मेण असतं. खोली तापली की ते फुगतं, एक खिळी दाबतं आणि गरम पाण्याची वाट बंद होते. ३ वर आणि ५ वर खोली सारख्याच वेगाने तापते. फक्त ५ वर थांबत नाही आणि बिल वाढतं.

दुसरी गोष्ट बुरशी. भात शिजवला, अंघोळ केली, कपडे खोलीतच दोरीवर टाकले की वाफ हवेत राहते. उबदार हवा ती धरून ठेवते, पण कपाटामागचा बाहेरच्या भिंतीचा कोपरा थंड असतो. तिथे ती पाणी होऊन बसते आणि जानेवारीपर्यंत काळे ठिपके दिसू लागतात. अनामतीतून कापले जाणारे पैसे बरेचदा याचेच. उपाय म्हणजे रेडिएटर बंद करून दिवसातून दोन-तीनदा खिडकी पाच-दहा मिनिटं सताड उघडायची. दमट हवा जाते, भिंती मात्र तापलेल्याच राहतात, म्हणून खोली पुन्हा चटकन उबदार होते. दिवसभर खिडकी तिरकी उघडी ठेवली तर हवा बदलायला वेळ लागतो आणि तेवढ्यात भिंतीच गार पडतात.

फोडणीचं प्रकरण निराळं. बर्लिनमध्ये २०२० अखेरपासून जुन्या-नव्या सगळ्या घरांत झोपायच्या खोल्यांना आणि बाहेर पडायच्या वाटेला धुराची घंटा सक्तीची आहे. तिच्या डबीत एक प्रकाशकिरण असतो. धुराचे कण आत शिरले की तो विखुरतो, विखुरलेला प्रकाश आतल्या डोळ्यावर पडतो आणि घंटा वाजते. आता आग लागली आहे की मोहरी तडतडली आहे, हे त्या डोळ्याला कळत नाही. तेलाचे सूक्ष्म थेंबही प्रकाश तसाच विखुरतात. एका खोलीच्या घरात ओटा आणि पलंग शेजारी, घंटा डोक्यावर. खिडकी आधी उघडावी, तेल मंद आचेवर तापवावं. काही वसतिगृहांत घंटा थेट अग्निशमन दलाला जोडलेली असते, आणि बंब आला की त्याचं बिलही येऊ शकतं.

रविवार आणि बाकीचं

पहिला रविवार उपाशी जाऊ शकतो, कारण दुकानं बंद. रविवारच्या विसाव्याला १९१९ च्या वायमार घटनेने दिलेलं संरक्षण आजच्या घटनेतही जसंच्या तसं आहे. मोठ्या रेल्वे स्थानकांतली दुकानं उघडी असतात, बेकऱ्या काही तास. कोथिंबीर, भेंडी हवी तर शनिवारीच तुर्की भाजीवाल्याकडे जावं. पाण्याच्या रिकाम्या बाटल्या टाकू नयेत. एकदा वापरायच्या बाटलीमागे २५ सेंट ठेव असते, दुकानातल्या यंत्रात बाटली घातली की परत मिळते.

यू-बानच्या, म्हणजे भुयारी रेल्वेच्या, फलाटावर जायला अडसर नाही, म्हणून तिकीट लागत नाही असं समजू नये. साध्या कपड्यांतला तपासनीस डब्यात चढला की ६० युरो. यंत्रातून घेतलेल्या कागदी तिकिटावर फलाटावरच शिक्का मारून घ्यावा लागतो. नुसतं विकत घेतलेलं तिकीट ग्राह्य नाही. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात आणि भारताशी साडेतीन तासांचं अंतर साडेचार होतं, हे घरच्यांना आधी सांगितलेलं बरं.

पहिली खोली सहसा वर्षभरही टिकत नाही. बदलली की पुन्हा दोन आठवड्यांची मुदत, पुन्हा तो लांब नावाचा कागद, पुन्हा पेटीवर चिकटपट्टी. नोंदणी कार्यालय बँकेला किंवा विमा कंपनीला तुमचा नवा पत्ता कळवत नाही, विद्यापीठालाही नाही. ते तुम्हीच करायचं. जर्मन पोस्टाकडे जुन्या पत्त्यावरची पत्रं नव्या पत्त्यावर वळवण्याची सेवा मिळते. पैसे पडतात, पण घ्यावी. कुणाला तरी कळवायचं राहूनच जातं.